डाव्या खांद्यावरचा भोवरा

ऐन शिह, आफ्लू
२१ फेब्रुवारी २००४

भाऊ बेलखेर,

तुला, मलिकाला आणि आपल्या सिहेमला सलाम. आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी, तीन घोड्या, एक म्हातारा घोडा आणि अकरा मेंढ्या. तुम्ही दिसत नाही एवढीच काय ती उणीव, आणि एकोणीस वर्षांत तिचीही सवय झाली आहे.

परवा दुकानातल्या फोनवर तू विचारलंस आणि मी "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणून फोन ठेवला. ऐकू येत होतं. पण त्या फोनपाशी उभं राहून अर्धं गाव ऐकत असतं, शिवाय फोनवर मला खोटं बोलणं फार सोपं जातं. कागदावर जरा जड जातं, म्हणून लिहायला बसले आहे.

हो, हमामा व्याली. मंगळवारी, असरच्या नमाजाच्या सुमाराला. बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता. शिंगरू जमिनीला लागू द्यायचं नाही, हे तुला सांगायला नको. तू आणि बाबा दोन बाजूंनी हात पसरून उभे राहायचात. मी एकटी होते, म्हणून तिच्यामागे बसले आणि ओच्यात झेललं. माझी कंबर अजून धरलेली आहे. नर आहे. काळाकुट्ट, म्हणजे मोठेपणी राखाडी होणार. बापासारखा.

बाप आपला म्हातारा लज़रग आहे. आता तू खुर्चीतून उठला असशील. बस खाली. मी त्याला कधी घोडीजवळ जाऊ दिलं नाही. सरकारी पागेचे लोक दर वसंतात यायचे आणि म्हणायचे, "खाला तुर्किया, असा हाडाचा बार्ब जातीचा घोडा आता मिळत नाही. बर्फात झुडपं खाऊन जगतो, दिवसातून एकदा पाणी पितो, नाल लागत नाही. एकदा तरी वापर." मी म्हणायचे, लंगडतो. म्हणायचे, म्हातारा झाला. गेल्या मार्चमध्ये त्या म्हाताऱ्याने पिछाडी तोडली. तेविसाव्या वर्षी! मी विहिरीवर होते. परत येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

सिहेमला सोळावं लागतंय म्हणून हे शिंगरू तिच्या नावावर करायचं, असं तुझं म्हणणं. पोरीचं इथे काहीतरी असावं, म्हणतोस. विचार चांगला आहे, उशिरा सुचला तरी. पण हे शिंगरू नको. रोड आहे. नाक बाकदार हवं ते सरळ आहे. शेपटी वरच्या बाजूला चिकटवल्यासारखी दिसते. पुढच्या साली मेसऊदा पागेच्या घोड्यापासून गाभण राहील, तिचं पहिलं सिहेमचं. शब्द देते.

लज़रग जन्मला तेव्हा बाबांनी "हा माझ्या बेलखेरचा" म्हणून साऱ्या गावाला सांगितलं आणि कागद करायच्या दिवशी स्वतःचं नाव लावलं, ते तुला अजून टोचतं, मला ठाऊक आहे. आता मीही तेच करते आहे असं तुला वाटेल. वाटू दे.

बाकी शिंगरू ठणठणीत आहे. चारी पाय काळे, कपाळ कोरं. डाव्या खांद्यावर काही नाही.

तुझी बहीण,
तुर्किया


९ मार्च

भाऊ बेलखेर,

पत्र पोचलं. दोन ओळींसाठी केवढं तिकीट लावलंस! "कारणं सांगू नकोस. कारणं मला बाबांनीही सांगितली होती." बरं, नाही सांगत.

पण कोणी न विचारता मी डाव्या खांद्याचं का लिहिलं, हे तू विचारायला हवं होतंस. विचारलं नाहीस. तुझ्यासारखा घोड्यांत वाढलेला माणूस ते वाचून पुढे जातो, ह्याचं मला नवल वाटलं.

शुक्रवारी सिहेमचा फोन आला. तिची आपली भाषा म्हणजे तीन पायांची घोडी, पण पळते जोरात.

"आत्या, शोकोला कसा आहे?"

"कोण शोकोला?"

"माझा घोडा! काळा आहे ना? मी नाव ठेवलं. त्याला माझा आवाज ऐकव ना."

"अगं, तो दुकानात कसा येईल?"

"मग तू सांग त्याला. सांग, सिहेम जुलैमध्ये येतेय. सांगशील?"

मागे दुकानदार खोखो हसत होता. मी म्हटलं, सांगते. घरी येऊन खरंच सांगितलं. शिंगरू गोठ्याच्या दारात उभं होतं. तिचं नाव काढताच त्याने कान टवकारले आणि पुढच्या डाव्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली. शिंगरं उकरतातच, त्यात काही नाही. पण हे थांबेना. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, शेवटी मान धरून आत ओढलं.

आता खरं सांगते. जन्मल्याबरोबर ओच्यात धरून पुसत होते तेव्हा डाव्या खांद्यावर माझी बोटं अडकली. तीन रेघा. वीतभर लांबीच्या, बिनकेसांच्या, गुळगुळीत, भाजून बऱ्या झालेल्या कातडीसारख्या. मधली रेघ टोकाशी खाली वळलेली. बेलखेर, पोटातल्या पोरालाच कोणी डागलं असावं तसं. हमामा त्याला चाटते, पण उजव्या बाजूनेच. डावी बाजू तिच्यासमोर आली की ती मान फिरवते.

लज़रगच्या त्याच खांद्यावर त्याच तीन रेघा आहेत आणि मधली त्याच ठिकाणी वळलेली आहे. सैन्यातून परतल्यावर तू रोज त्यावर खोगीर घालायचास. लहानपणी खांदा सुजला म्हणून डागलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

आणखी एक. शिंगराच्या रेघा बुजत चालल्या आहेत. तिथे केस येताहेत. ते ज्या दिशांना वळताहेत, ते मला आवडलेलं नाही.

१४ एप्रिलला पागेची डॉक्टरीणबाई कागद करायला येणार आहे. आता फॉर्मवर घोड्याचं चित्रच छापलेलं असतं. अंगावर जिथे जिथे केसांचा भोवरा असेल तिथे ती फुली मारते, आणि खाली मालकाचं नाव लिहिते. फुल्या आणि नाव एकाच पानावर. नाव मी अजून दिलेलं नाही.

तुर्किया


२० मार्च

बेलखेर,

तुझं उत्तर नाही. बरं आहे. मधे बोललास तर मला पुढचं लिहवणार नाही.

बाबा भोवरे वाचायचे. घोडा घेण्याआधी लोक जेल्फाहून, लघुआतहून त्यांच्याकडे घेऊन यायचे. "सी जल्लूल, हात फिरवा." आणि मोतीबिंदूने डोळे गेल्यावर खरोखरच हात फिरवायचे, उजेड-अंधार सोडून काही दिसत नव्हतं, पण बोटं चुकत नसत. कुठला भोवरा भरभराटीचा, कुठला भांडणाचा, सगळं पाठ. आणि डाव्या खांद्यावर, खोगिराची कड टेकते तिथे, दोन भोवरे समोरासमोर आणि त्यांच्यामध्ये केस दुभंगून लांबट फट पडलेली असली, तर ती उघडी कबर. असा घोडा कागदावर ज्याच्या नावाचा, त्याला ती घेते. असं शिंगरू आपल्यात ठेवत नाहीत, विकतही नाहीत. दक्षिणेकडे जाणाऱ्या उंटवाल्यांबरोबर देऊन टाकतात आणि मागे वळून बघत नाहीत.

लज़रग असा जन्मला होता.

एक्क्याऐंशी साल आठव. तू सैन्यातून सुट्टीवर आला होतास, तूच त्याला हातात झेललंस, आणि चौथ्या दिवशी परत गेलास. त्याची आई मरजाना दोन दिवसांत मेली. मी त्याला मेंढीचं दूध बाटलीने पाजलं, माझ्या अंथरुणावर निजवलं. तिसऱ्या दिवशी अंग वाळून केस फुलले तेव्हा मला ते दिसलं. मला नवऱ्याने परत पाठवल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मूल होत नाही म्हणून. गावातल्या बायका माझ्याकडे बघून आवाज बारीक करायच्या. त्या घरात मला बघून धावत येणारं ते एकटंच होतं, आणि मी ते उंटवाल्यांना देणार नव्हते. कोणी काही म्हणो.

सातव्या दिवशी बाबा हात फिरवणार होते. पाचव्या दिवशी मी त्याला शालीत गुंडाळून बूआलेम लोहाराकडे नेलं.

"खांदा सुजलाय, डाग दे," मी म्हटलं.

त्याने बघितलं. "सूज कुठे आहे? मला भोवरा दिसतो."

"तो सुजलेलाच आहे."

"तुर्किया, बापाच्या बोटांना फसवशील. पण हा ज्याने काढला, त्याला?"

"तू लोहार आहेस की इमाम? सळई तापव."

त्याने तापवली. तीन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेला शिंगराने पाय झाडला आणि सळई खाली सरकली. म्हणून ती वळलेली आहे. हे मला आणि बूआलेमला सोडून कोणालाही माहीत नाही, आणि हमामाच्या पोटातल्या पोराला माहीत होतं.

सातव्या दिवशी बाबांची बोटं मानेवरून आली, खांद्यावर थांबली. खपल्यांवर फिरली. "डागलंस?" "सूज होती, बाबा." "हं," म्हणाले, आणि माझ्या ओढणीला बोटं पुसली. बस्स, एवढंच. त्याच आठवड्यात पागेचा कारकून आला आणि बाबांनी तुझ्याऐवजी स्वतःचं नाव लिहवून घेतलं. मला वाटलं, म्हातारपणी घोड्याचा मोह सुटला.

आता उरूस. पंच्याऐंशीचा, सिदी अब्बूचा. बारूदखेळासाठी, भरधाव दौडीत एकदम बंदुका उडवायला, बारा घोडे रांगेत. आपल्या घराण्याकडून तू बसणार होतास. ऐनवेळी तू म्हणालास, मनगट लचकलंय. बाबांनी लगाम घेतला. लोक ओरडले, "सी जल्लूल, दिसत नाही तुम्हाला!" बाबा म्हणाले, "घोड्याला दिसतं ना!" सगळे हसले. मीही हसले, बेलखेर. मी जाणून होते आणि मी हसले.

पुढचं तूही पाहिलंस. बारा घोडे सुटले. कब्रस्तानाच्या भिंतीपाशी लज़रग जागच्या जागी थांबला. अडखळला नाही, बुजला नाही, कोणीतरी हाक मारावी तसा थांबला. अकरा बंदुका उडाल्या. बाबा त्याच्या मानेवरून भिंतीवर आदळले, त्यांची बंदूक भरलेलीच राहिली. लज़रग पळून गेला नाही, त्यांच्या अंगावर सावली धरून उभा राहिला, लोक पोचेपर्यंत.

दफनानंतर मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "तिथे तू असायला हवा होतास." तू त्या आठवड्यात जहाजावर चढलास. गाव आजही म्हणतं, पोराने आंधळ्या बापाला घोड्यावर चढवलं. मी ते म्हणू दिलं. एकोणीस वर्षं मी गप्प बसून तुझ्या डोक्यावर माझं ओझं ठेवलं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

आता तरी समजलं ना, सिहेमचं नाव का नको?

तुर्किया


३ एप्रिल

बेलखेर,

अजून तुझं उत्तर नाही. रागावला असशील, रागाव. पण एक ओळ पाठव की सिहेमला नाही म्हणून सांगितलं आहे. काल तिने दुकानात पुन्हा फोन केला आणि दुकानदाराला स्वतःचं पूर्ण नाव लिहून घ्यायला लावलं, डॉक्टरीणबाईने स्पेलिंग चुकवू नये म्हणून. तो कागद त्याने काउंटरच्या काचेवर चिकटवला आहे. जो येतो तो वाचतो. तू तिथे हो म्हणून बसला आहेस की काय?

इथलं सांगते. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे आधीच लिहून ठेवते. पाच वेळा नमाज पढते, दोन वेळा जव घालते, रोटी कधी करपत नाही.

शिंगरू रोज उकरतं. एकाच जागी, अंजिराच्या झाडापलीकडे, भर दुपारी, सावली पायाखाली असते तेव्हा. मी फावड्याने बुजवते, वर दगड टाकते. दुसऱ्या दिवशी दगड बाजूला आणि खड्डा तिथेच. आधी घमेल्याएवढा होता. मग लांबट झाला. कडा सरळ आहेत, बेलखेर. उकरणारं जनावर माती चारी बाजूंना उडवतं. ह्याने सगळी एका बाजूला, डावीकडे रचली आहे. आपली माणसं कब्रस्तानात रचतात तशी.

ते उकरतं तेव्हा लज़रग कुंपणापाशी येऊन उभा राहतो. आता त्याला दात नाहीत, मी जव भिजवून देते. पण त्या वेळी घमेलं वाजवलं तरी वळत नाही. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही खड्ड्याकडे बघतात.

शेजारच्या हलीमाला दाखवला. म्हणाली, "मीठ पुरलं असेल तिथे कोणी, चाटायला उकरतो." मी चाखून पाहिलं. साधी माती आहे.

काल मी दोरीने मोजला. मी बुटकी, मला तो मोठा होतो. सिहेम केवढी झाली रे? तू मागे फोटो पाठवला होतास, त्यात ती मलिकाच्या डोक्याच्याही वर गेलेली दिसते. दोरीला मी गाठ मारून ठेवली आहे, पण सिहेमची उंची मला पाठवू नकोस. मला नको ती.

रेघा पूर्ण बुजल्या. आता तिथे डाग शोधून सापडणार नाही. दोन भोवरे समोरासमोर आहेत, आणि मधली फट. लज़रगवरचं जे मी आगीने झाकलं होतं, ते ह्याच्यावर उघडं झालं.

तू म्हणशील, देऊन टाक. उंटवाले आता येत नाहीत, ट्रक येतात, आणि ट्रकवाले कागद मागतात. कागदावर नाव लागतंच. नावाशिवाय आता घोडा दाराबाहेर काढता येत नाही.

म्हणून ठरवलं आहे. बूआलेम अजून जिवंत आहे. डॉक्टरीण यायच्या आधी पुन्हा एकदा सळई तापवायला लावते. फुली पडली नाही म्हणजे झालं. नाव मग कोणाचंही असो.

तुर्किया


१५ एप्रिल

माझ्या भावा,

तुझं पत्र काल सकाळी आलं, डॉक्टरीणबाईच्या गाडीच्या दहा मिनिटं आधी. पोस्टमनला चहासुद्धा विचारला नाही. चुलीपाशी उभ्याने वाचलं. मला ते आता पाठ आहे, पण लिहून काढते, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं.

"तुर्किया, लज़रग जमिनीला लागू नये म्हणून मी हातात झेलला तेव्हा तो ओला होता, तरी माझ्या तळव्याखाली भोवरा आला. बाबांनी मला शिकवलं होतं. मी बोललो नाही, कारण तो माझा होणार होता आणि असा घोडा मला पुन्हा मिळाला नसता. वाटलं, बाबाच सातव्या दिवशी सांगतील. त्यांनी स्वतःचं नाव लावलं तेव्हा मी रागावलो, आणि आतून सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या वाटण्याची मला अजून लाज आहे. उरुसाच्या दिवशी माझं मनगट दुखत नव्हतं. मालक बाबा होते तरी त्या खोगिरावर बसायला माझे पाय धजेनात. तू दफनानंतर म्हणालीस ते खरं होतं. म्हणून मी गेलो. तू ते झाकायला डागलंस हे मला माहीत नव्हतं, पण तुझ्यावर राग नाही. ह्या शिंगराला माझं नाव लाव. माझी पाळी तेव्हाच होती."

म्हणजे तू जाणत होतास. मी जाणत होते. तू तिथे, मी इथे, आणि दर ईदला "सगळं ठीक?" "सगळं ठीक" असले फोन. गाढवं आहोत आपण, बेलखेर. बार्बांच्या घराण्यात दोन गाढवं निपजली.

पण थांब. आपण दोघंच नव्हतो.

तेरा तारखेला मी शिंगराला दोरी बांधून बूआलेमकडे घेऊन गेले होते. पंच्याऐंशीचा झाला आहे, दारात ऊन खात बसलेला असतो. मी म्हटलं, "चाचा बूआलेम, खांदा सुजलाय."

त्याने शिंगराच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. थरथरत होते. "ह्यांनी आता मला कपसुद्धा धरवत नाही. आणि धरवलं असतं तरी डागलं नसतं. एकदा डागून काय मिळवलंस?"

"बाबांना फसवलं," मी म्हटलं. पहिल्यांदाच कोणासमोर मोठ्याने म्हटलं.

तो हसला, खोकला, परत हसला. "जल्लूलला? तू? अगं, हात फिरवला त्याच दिवशी दुपारी तो काठी टेकत इथे आला होता. मला विचारतो, 'माझ्या पोरीने किती रेघा मारायला लावल्या?' म्हटलं, तीन. 'नीट झाकलंय?' म्हटलं, झाकलंय. 'मग बरं. तिला कळू देऊ नकोस की मला कळलं. घरी परत आल्यापासून काल पहिल्यांदा गाणं गुणगुणताना ऐकलं मी तिला. त्या शिंगराला दूध पाजताना.'"

दोरी हातातून सुटली, शिंगरू कुठे गेलं नाही.

"मी म्हटलं, जल्लूल, पण बेलखेरचं नाव लागणार आहे ना? म्हणाला, 'लागणार होतं. आता माझं लागेल. पोरगा रुसेल, रुसू दे. मला कुठे आता फार दिवस घोडा वापरायचाय!' आणि शपथ घातली. मी पाळली. आज मोडली, कारण मला वाटतं तो आता रागावणार नाही."

मी विचारलं, "उरुसाच्या दिवशीही त्यांना ठाऊक होतं?"

"तुझा भाऊ मनगट धरून उभा होता. जल्लूल आंधळा होता, बहिरा नव्हता. पोराच्या आवाजातली भीती त्याला ऐकू आली नसेल का?"

परत येताना रस्ताभर मी रडले. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. आपण दोघं समजत होतो की आपण त्यांना खड्ड्यात लोटलं. ते आपल्या दोघांच्या पुढे जाऊन उभे राहिले होते, आणि "हं" म्हणाले होते.

तर, डॉक्टरीणबाई. तरुण आहे, टिआरेतची, बोलकी. हमामाला बघून म्हणाली, "खाला, ही घोडी म्हणजे पुस्तकातला बार्ब." शिंगराभोवती फिरली, चित्रावर फुल्या मारल्या. कपाळावर एक. गळ्याशी एक. डाव्या खांद्यावर दोन, समोरासमोर. माझं लक्ष त्या पेनकडेच होतं. तिला त्यात काही दिसलं नाही, शाळेत हे शिकवत नाहीत.

"घोड्याचं नाव?"

"शोकोला."

ती हसली. मी म्हटलं, "हसतेस काय, लिही."

"आणि मालक? दुकानात तर एक कागद लावलाय, सिहेम..."

"तो फाडला मी."

तुझं पत्र माझ्या पदराला बांधलेलं होतं. त्यात तू स्पष्ट लिहिलं होतंस, माझं नाव लाव. मी तुझं ऐकलं नाही. मोठी कोण आहे आपल्यात? तुला बायको आहे, पोर आहे, आणि ऐकण्यासारखं सत्य आता तुझ्याजवळ आहे, ते घेऊन अजून पुष्कळ जगायचं आहेस तू. शिवाय त्या शिंगराला जमिनीवर पडू न देता मी झेललं. जो झेलतो त्याचंच असतं ते, कागद काही म्हणो.

मी म्हटलं, "लिही. तुर्किया, जल्लूलची मुलगी." आणि अंगठ्याच्या जागी सही केली, बाबांनी शिकवली होती तशी.

आज दुपारी शिंगरू अंजिरापाशी गेलं. मी फावडं घेऊन मागे गेले. त्याने उकरलं नाही. खड्ड्याच्या कडेला उभं राहून माझ्याकडे बघितलं, मग परत येऊन माझ्या ओच्यात तोंड घातलं आणि जव शोधू लागलं. लज़रगही कुंपणाकडे गेला नाही, सावलीत बसून होता. मी ती गाठ मारलेली दोरी आणली आणि खड्डा पुन्हा मोजला. गाठीपर्यंत पोचला नाही. एका बाजूने माती आपोआप ढासळून आत आली आहे. आता माझ्या मापाचा आहे, वर चार बोटं सुटतात. मी बुजवला नाही. राहू दे.

भिऊ नकोस. लज़रगच्या कागदावर नाव लागल्यावर बाबा चार वर्षं जगले, आणि त्या चार वर्षांत मी त्यांना कधी उदास पाहिलं नाही. मला तर बरंच काम आहे. मेसऊदाला पागेत न्यायची आहे, लोकर कातायची आहे, तुझ्या खोलीचं छत गळतं ते बघायचं आहे.

जुलैमध्ये ये. मलिकाला आण. कॉफीत शिहची पानं घालून देईन, तुला तिथे मिळत नसेल. आपण दोघं बाबांच्या कबरीवर जाऊ आणि ह्या वेळी काही लपवायचं नाही. आणि सिहेमला सांग, शोकोला लहान आहे, ह्या साली पाठीवर बसता यायचं नाही, पण दोन वर्षांनी खोगीर चढेल. तेव्हा तिला खुशाल बसू दे, भिऊ देऊ नकोस. मालकीण मी आहे.

तुझी ताई,
तुर्किया